हार्ड डिस्कची विभागणी



औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेकडे माहिती पाठवावयाची असते आणि नेमक्या त्याच सकाळी शाळेचा संगणक सुरू होत नाही. कार्यप्रणाली नव्याने घालावी लागते. हार्ड डिस्क एकच अखंड विभाग असेल, तर तो पुसताना निकालपत्रकेही पुसली जातात. म्हणून आरंभीच बांध घालावेत.

गावनकाशात जसे शेतांचे गट, तसे विभाग-कोष्टकात डिस्कचे विभाग नोंदलेले असतात. जुन्या ‘एमबीआर’ कोष्टकात मुख्य विभाग चारच मावतात. यूईएफआय पद्धतीच्या नव्या संगणकावर ‘जीपीटी’ कोष्टक घ्यावे. त्यात पहिला, सुमारे ५०० मेगाबाइटचा ईएफआय विभाग फॅट३२ मांडणीचा असावा. कार्यप्रणाली सुरू करून देणारी आज्ञावली संगणक तेथेच शोधतो. जागेच्या लोभाने तो विभाग कधीही पुसू नये. दुसरा विभाग कार्यप्रणालीस, तिसरा शाळेच्या दप्तरास द्यावा.

मात्र विभागणी म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्कच बिघडली, तर तिन्ही विभाग एकदम जातात. यास्तव विभागणीपूर्वी, आणि पुढे दरमहा, दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन कपाटात ठेवावी. मुलांच्या वर्षभराच्या श्रमांची ती नोंद आहे.