विधवेची दोन नाणी आणि बॉस्टनचा एक डॉलर



नगर जिल्ह्यातल्या ज्या चर्चमध्ये मी वाढलो, तिथे दानार्पणाच्या वेळी बाकांमधून कापडी थैली फिरायची. ताट का नाही, असं मी एकदा आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘हात आत गेला की कुणी किती टाकलं ते दिसत नाही.’ उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हा येशूचा उपदेश आमच्याकडे असा शिंप्याकडून शिवून घेतलेला होता.

गंमत अशी, की येशू स्वतः मात्र एकदा मुद्दाम बघत बसला होता. यरुशलेमच्या मंदिरात, दानपेट्यांच्या समोर. श्रीमंत लोक भरपूर टाकत होते. मग एक गरीब विधवा आली आणि तिनं दोन नाणी टाकली. चलनात त्याहून लहान नाणं नव्हतं. येशू शिष्यांना म्हणाला, सगळ्यांत जास्त हिनं टाकलं; बाकीच्यांनी उरलेल्यातलं दिलं, हिनं पोटापुरतं होतं तेच दिलं.

ही गोष्ट मी प्रवचनांत किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. बहुतेक वेळा थैली फिरायच्या आधी! पण मार्कच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात जरा वर पाहा. काही क्षणांपूर्वीच येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर संतापलेला आहे. प्रवचनातून नेमकं तेवढंच गळतं. मला विचाराल तर तिचं कौतुक खरं आहे, पण त्यात खंतही आहे. तिनं शेवटचं नाणं टाकलं, मग त्या रात्री ती काय जेवली? हे विचारणं आजूबाजूच्यांचं काम होतं.

ते एका मराठी विधवेनं विचारलं, आणि विचारायला ती अमेरिकेत आली.

आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी 1886 मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला आल्या. तोवर आईवडील गेलेले, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेलेला, पदरात लहानगी मनोरमा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते विकून पैसे उभे केले, गावोगाव व्याख्यानं दिली. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. सभासदांनी शब्द दिला तो वर्षाला किमान एक डॉलर, सलग दहा वर्षं. एकदाच शंभर डॉलर देऊन मोकळं होणं त्या मानानं सोपं. दहा वर्षं आठवण ठेवून एकेक डॉलर देणं ही वेगळीच कसोटी. त्या डॉलरांवर मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं.

देणगीला एक अट होती: सदनात धर्मप्रचार करायचा नाही. देणारे ख्रिस्ती, अट ही! पुढे सदन पुण्यात गेलं, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये गदारोळ उठला, आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची नाराजी मला समजते, हेही सांगून टाकतो. बॉस्टननं मात्र दहा वर्षांचा शब्द पाळला. आपल्या मनाजोगतं सगळं चाललेलं नसताना देत राहणं, हे मला त्या डॉलरपेक्षा मोठं वाटतं. आपण गावाकडच्या शाळेला पंखा देतो आणि त्याच्या पात्यावर नाव रंगवतो. पंखा फिरत असतो तेवढाच वेळ काय तो दाता गुप्त!

बॉस्टनची दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा रमाबाईंच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र आलं होतं. या माणसाबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्याच्या पहिल्या चर्चमध्ये बाकं भाड्यानं दिली जात. पैसेवाल्यांना चांगली जागा, आणि त्याच भाड्यातून पाळकाचा पगार. म्युलरनं 1830 मध्ये तो पगारच सोडला आणि एक पेटी ठेवली. पुढे त्यानं हजारो अनाथ सांभाळले, कुणाकडे हात न पसरता. पण हिशेब छापायचा तो पेनीपर्यंत. देणाऱ्याचं नाव नाही, रक्कम मात्र नोंदलेली.

रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन त्याच धाटणीवर वाढलं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळानंतर आश्रमातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावलेली बाई दुष्काळातल्या पोरींना जेवू घालत होती. त्या पोरी शेती, विणकाम, छपाई शिकल्या. घेणारा कायम घेणाराच राहत नाही.

आमच्याकडे हे कापणीच्या सणाला दिसतं. लोक शेतातलं, परसातलं काहीतरी वेदीपाशी आणून ठेवतात: बाजरी, भोपळा, कोंबडी. उपासना संपली की लिलाव. एका वर्षी एका म्हातारीनं एकच अंडं आणलं होतं. पहिल्यानं ते दहा रुपयांना घेतलं आणि परत वेदीवर ठेवलं. दुसऱ्यानं वीसला घेतलं, परत ठेवलं. असं करत ते दीडशेपर्यंत गेलं. शेवटच्यानं ते नेऊन म्हातारीच्याच ओटीत घातलं. सगळं चर्च कौतुकानं बघतंय, आणि ती वैतागून म्हणते, ‘आता ह्याचं म्या काय करू? घरी कोंबडी हाय की माझ्या.’