एका कोयत्यात माणसे किती?



 आज मला एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. तो शब्द आहे 'कोयता'.

शब्दकोशात कोयता म्हणजे तोडायचे हत्यार. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मात्र ते माणसे मोजायचे माप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी निघाला, तर अर्धा. मजूर पुरवणारा मुकादम 'यंदा वीस कोयते आहेत' म्हणतो, तेव्हा तो चाळीस माणसांबद्दल बोलत असतो. त्यांच्यासोबत जाणारी लेकरे या मोजणीत कुठेच नसतात.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि बियाण्यात, दवाखान्यात, लग्नात ती संपलेलीही असते. ट्रकमध्ये ज्वारीचे पोते, ताडपत्री, भांडी, एखादी शेळी चढते आणि बिऱ्हाड ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे, नाहीतर कर्नाटकाकडे निघते. घरी म्हातारी माणसे उरतात. बाकीच्यांचे परतणे गुढीपाडव्याच्या आगेमागे.

मी याच भागात शिक्षक होतो. चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला आईबापांसोबत उसाच्या फडावर गेली. चैत्रात परतली तेव्हा तिच्या हातांवर पाचटाने कापल्याच्या रेघा होत्या. पाढे ती विसरली होती. पण किती मोळ्यांनी गाडी भरते, हे तिला तोंडपाठ होते. हजेरीपटावर मी तिच्या नावापुढे महिनोन्महिने 'गैरहजर' लिहीत राहिलो. ती कुठे हजर होती, हे लिहायला त्या पटावर रकानाच नव्हता.

पोटासाठी गाव सोडणे आपल्याला नवे नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्या वाडवडिलांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, मदत म्हणून मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले. त्याच दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशानेही तो मार्ग धरला. माणसाला गाव सोडावे लागण्याआधी गावातच काम मिळावे, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

आता तर ऋतूंवरच भरवसा उरलेला नाही. 2014 मध्ये ऐन रब्बीच्या सुगीत गारपिटीने पिके झोडपली. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरकरांची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2025 च्या सप्टेंबरमध्ये याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभ्या पिकासोबत शेतातली मातीही खरवडून नेली. दुष्काळाच्या धास्तीने जगणारा शेतकरी पुरात बुडाला. अशा माणसाने मुकादमापुढे हात पसरला, तर त्याला दोष कोण देणार?

पण सारे आभाळावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. उसाला लागते दोन हजारांच्या आसपास. पाणी नाही म्हणून गाव सोडलेला माणूस सर्वांत तहानलेले पीक तोडायला जातो, आणि तेच पीक आपण मराठवाड्यातही वाढवत नेतो. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेले पाणी कोणाच्या शेतात जावे, हे मात्र आपणच ठरवतो.

ते नीट ठरवता येते, हेही आपण पाहिले आहे. हिवरे बाजार या गावाने 1989 नंतर सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाणी अडवले, पडलेला पाऊस मोजून पिके ठरवली, ऊस-केळी टाळली. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाने शेततळ्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. बालाघाटातल्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कमी पाण्यात तगणारे हे झाड आपल्या डोंगरांचेच आहे. पाण्याचे हे नियोजन आता घाईचे आहे. फडात ऊस तोडणारा हार्वेस्टर उतरला आहे. उद्या यंत्राने कोयता हिसकावला आणि गावातही पाणी नसेल, तर ही माणसे जातील कुठे?

लेखक मित्रांनो, बंधारे बांधणे हे लेखकाचे काम नसेल. पण हजेरीपटावर नसलेला रकाना उघडणे हे आपलेच काम आहे. इथून गेल्यावर एका ऊसतोड कुटुंबापाशी जाऊन बसा. उचल किती घेतली, किती फिटली, खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, किती कापले, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत होते, लेकराची शाळा किती बुडाली, हे त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. गावात मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालू आहे का, ते बघा. नसेल तर त्यासाठी आवाज उठवा. आणि लिहिताना कोयते मोजू नका. माणसे मोजा, लेकरांसकट.