दोन तक्त्यांचा जोड

आगगाडीच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद इंग्लंडात प्रौढ माणसेही मोठ्या निष्ठेने जोपासतात. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबची स्थापना १९१० सालची आहे. कायमच्या मांडणीस घरात जागा नसते आणि प्रदर्शनात काम दाखविण्याची हौस तर असते. म्हणून रूळ, स्थानक, पूल हे सारे सुट्या तक्त्यांवर रचतात आणि प्रदर्शनाच्या सकाळी ते तक्ते जोडून सलग लोहमार्ग उभा करतात.

या खटाटोपाचे यश तक्त्यांच्या जोडावर अवलंबून असते. तेथील एका प्रचलित प्रमाणात खऱ्या फुटास ४ मिलिमीटर धरतात. म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या सुमारे शहात्तराव्या हिश्श्याची. जोडापाशी रूळ एक मिलिमीटर सरकला, तर तो खऱ्या मार्गावर तीन इंच सरकल्यासारखे होते. बारीक चाकांची कड तर पुरती एक मिलिमीटरही खोल नसते. मग प्रेक्षकांसमक्ष गाडी घसरली, तर नवल ते काय?

नवशिक्यास वाटते, बोल्ट घट्ट आवळले की झाले. परंतु बोल्ट सहज शिरावा म्हणून त्याचे भोक किंचित सैल ठेवावे लागते, आणि तेवढ्या सैलपणात तक्ता हलतो. म्हणून जाणते कारागीर कामाची वाटणी करतात. जागा ठरवावी पितळी खुंटीने. धरून ठेवावे बोल्टने. एका तक्त्याच्या टोकाच्या फळीत खुंटी आणि दुसऱ्याच्या फळीत तिला नेमकी बसणारी वाटी, अशी ही जोडी ओतकामाच्या कारखान्यातून आली. तेथे साच्यासाठी केलेल्या लाकडी नमुन्याचे दोन भाग पुन्हा पुन्हा तंतोतंत जुळावे लागतात.

भोके निरनिराळी मापून पाडू नयेत. दोन्ही फळ्या शिकंज्यात एकत्र आवळाव्या, तक्त्यांची पातळी पाहावी आणि मगच एकदम आरपार भोक पाडावे. खुंट्या दोन असाव्या, व एकमेकींपासून शक्य तितक्या दूर. त्यानंतर जोडावरून अखंड रूळ टाकतात, दोन्ही बाजूंस तांब्याचा पत्रा चढविलेल्या स्लीपरांवर डाख देऊन तो पक्का करतात, आणि शेवटी बारीक करवतीने कापतात. रूळ जोडास शक्यतो काटकोनात ओलांडावा; गाडीची वाट बदलणारे सांधे तेथे मुळीच आणू नयेत.

सभागृहाची जमीन क्वचितच सपाट असते. तेव्हा पाणसळ लावून प्रथम पाय समतल करावे. खाली गेलेला तक्ता बोल्टच्या जोराने वर ओढला, तर फळीच पिळवटते.

युरोपात १९८१ साली स्थापन झालेल्या फ्रेमो या संघटनेने हीच युक्ती पुढे नेली आहे. निरनिराळ्या गावांचे सभासद आपापल्या घरी तक्ते तयार करतात. तक्त्यावर कोणता देखावा करावा, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते; टोकाच्या फळीचे माप मात्र सर्वांनी मान्य केलेले. त्यामुळे ज्यांची पूर्वी कधी भेटही झाली नाही, अशा दोघांच्या तक्त्यांवरून एकच गाडी विनासायास धावते.