अपस्मार : झटका ओळखावा, औषध सोडू नये



आपण ज्याला आकडी, फेफरे किंवा मिरगी म्हणतो, त्यालाच चेन्नईतील आपले शेजारी ‘वलिप्पु’ म्हणतात. आपल्याकडे रुग्णाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात. इथे त्याच्या मुठीत लोखंडी किल्ली देतात. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र किल्लीला मिळते. अपस्मार हा मेंदूतील विद्युत्संदेशांच्या क्षणिक गोंधळाचा विकार आहे. ती बाधा नव्हे, वेड नव्हे आणि संसर्गही नव्हे.

सर्वच झटके सारखे नसतात. सर्वांगाच्या झटक्यात शुद्ध हरपते, शरीर ताठरते, हातपाय झडतात. मेंदूच्या एका भागातून उद्भवणाऱ्या झटक्यात एखादाच हात थरथरतो, किंवा माणूस भान हरपून ओठ चाटत राहतो. काही मुले केवळ क्षणभर शून्यात पाहतात आणि ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातात. म्हणून पाहणाऱ्याने केलेले वर्णन, शक्य तर मोबाइलवरील चित्रण, डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

औषध झटक्याच्या प्रकारावरून ठरते. एका भागातील झटक्यांवर उपयोगी पडणारे कार्बामाझेपिन शून्यात पाहण्याचे झटके वाढवू शकते. तिथे इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट देतात. व्हॅल्प्रोएट गर्भास अपाय करू शकते. यास्तव गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, परंतु गोळी परस्पर बंद करू नये. शेजाऱ्याची गोळी आपली नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

योग्य उपचाराने सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही लग्न ठरताच मुलीच्या गोळ्या आधी लपवल्या जातात, मग चुकतात, मग थांबतात. औषध एकाएकी थांबल्यास न थांबणारा, जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो. 1999 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट वगळली आहे. कायद्याने जे दूर केले, ते घराने धरून ठेवू नये.

झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. झटका 5 मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरा आला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

गावी जाताना गोळ्या सोबत घ्या. उपवासाच्या दिवशीही त्या चुकवू नका. सरकारी रुग्णालयांत ही औषधे विनामूल्य मिळतात. ती लपवू नका, वेळेवर घ्या.