शस्त्र हाती, पण कोणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वस्तीतल्या स्वसंरक्षण वर्गात एकीने मला विचारले होते, "ताई, लाठी शिकले तर घरातला मार थांबेल का?" मला पटकन उत्तर देता आले नाही. आज जपानच्या नागिनाताची ओळख करून देताना तोच प्रश्न मनात आहे.

नागिनाता म्हणजे लांब लाकडी दांडा आणि टोकाला वाकडे पाते. मूळची ती रणांगणातली, पुरुष योद्ध्यांची आणि लढाऊ भिक्षूंची. दांडा लांब असल्याने समोरच्याला दूर ठेवता येते. त्यामुळे नुसत्या ताकदीपेक्षा अंतर आणि वेळ साधणे महत्त्वाचे. १६०३ ते १८६८ या एदो काळात देशात बव्हंशी शांतता होती. तेव्हा ती सामुराई घराण्यांतल्या बायकांचे शस्त्र झाली. लग्नात मुलीबरोबर सासरी जाऊ लागली. पुरुष घरी नसताना घर राखायचे ते बाईने! पण तिच्याजवळ काइकेन नावाचा छोटा खंजीरही असे. अब्रूवर बेतले तर त्याने स्वतःचाच जीव घ्यायचा. म्हणजे हाती शस्त्र आले, तरी देह घराण्याच्या इज्जतीचाच राहिला.

१८६८ च्या यादवी युद्धात आइझू येथे नाकानो ताकेको ही विशीतली तरुणी नागिनाता घेऊन बंदुकांसमोर उभी राहिली. फौजेत बायकांना जागा नव्हती, म्हणून तिने बायकांची वेगळी तुकडी घेऊन लढा दिला. छातीत गोळी लागून ती गेली. पुढे सोनोबे हिदेओ (१८७०-१९६३) या बाईंनी एका जुन्या नागिनाता परंपरेचे प्रमुखपद सांभाळले. शाळांतूनही मुली ही विद्या शिकू लागल्या. मात्र दुसऱ्या महायुद्धात हेच शिक्षण युद्धखोर राष्ट्रवादाच्या कामी लावले गेले. युद्ध संपल्यावर बंदी आली. १९५५ मध्ये अखिल जपान नागिनाता महासंघ स्थापन झाला. आता सामन्यात पाते बांबूचे असते, अंगावर चिलखत असते, आणि जपानमध्ये खेळणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत.

आधी घराण्यासाठी, मग राष्ट्रासाठी. स्वतःसाठी ती बाईच्या हाती यायला किती काळ गेला बघा!

म्हणून आज त्या बाईला मी सांगेन : एकट्या लाठीने मार थांबणार नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा हवा, डोक्यावर छप्पर हवे, पाठीशी आपण सगळ्या हव्यात. पण लाठी जरूर शीक. पाय रोवून उभे राहायला आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यायला शीक. फक्त ती घराच्या अब्रूसाठी नको, तुझ्यासाठी शीक.