मुलांना कळलेले असते

असाध्य आजार झालेल्या किशोरवयीन मुलाने तो घरच्यांपासून लपवणे प्रत्यक्षात क्वचितच घडते. भारतात अठरा वर्षांखालील रुग्णाच्या उपचारांना पालकांची संमती लागते. निदान आधी आईवडिलांना सांगितले जाते आणि फाईलही त्यांच्याच पिशवीत राहते. मूल लपवते ती दुसरीच गोष्ट: आपण यातून उठणार नाही, हे आपल्याला कळले आहे.

या मौनाचा बारकाईने अभ्यास केला तो अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी. त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. एका अमेरिकन रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये त्या वावरल्या. या मुलांना मरणाविषयी कोणी काही सांगितले नव्हते, तरी ती टप्प्याटप्प्याने शिकत गेली. आजार गंभीर आहे हे आधी समजले. मग औषधांची नावे आणि त्यांचे त्रास. मग कोणती सुई कशासाठी टोचतात ते. पुढे आजार दबतो आणि पुन्हा उलटतो हे उमगले, आणि अखेर या फेऱ्याचा शेवट मृत्यूत होतो हेही. ही शेवटची पायरी बहुधा वॉर्डातले दुसरे मूल गेल्यावर चढली जाई. त्यानंतर मूल पुढच्या वर्षाच्या गोष्टी काढत नसे, गेलेल्या मुलाची खेळणी नको म्हणे, वेळ वाया गेला की चिडे. आईवडिलांसमोर मात्र अवाक्षर नाही. हा विषय निघाला की मोठी माणसे रडतात, खोलीबाहेर जातात, हे त्याने पाहिलेले असे. ती जवळ राहावीत म्हणून ते गप्प बसे. समाजशास्त्रज्ञ बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६५ मध्येच अशा स्थितीचे वर्णन केले होते: दोन्ही बाजूंना सारे ठाऊक, आणि दोन्ही बाजू काही ठाऊक नसल्यासारख्या वागतात.

तीन-चार वर्षांच्या मुलाला जे कळते ते पंधरा वर्षांच्या मुलाला कळणार नाही, असे मानणे ही घरच्यांनी स्वतःची करून घेतलेली समजूत असते. औषधाचे नाव मोबाईलवर टाकले की बाकीचे समोर येते. या वयात गप्प बसण्याची कारणेही वाढतात. उपचारांसाठी काढलेले कर्ज दिसत असते, धाकट्या भावंडाची शाळा आठवते, मित्रांना कीव नको असते. ‘आईला त्रास नको’ हे त्यातले सर्वांत मोठे कारण, आणि त्याचा मान राखायला हवा.

दुखणे लपवणे मात्र वेगळे, आणि त्याला मोकळीक देता येत नाही. कर्करोगावरच्या केमोथेरपीमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेलेला ताप ही तातडीची बाब असते; प्रतिजैविक लगेच सुरू करावे लागते. पुन्हा भरती व्हायला नको म्हणून मुलगी अंग गरम असतानाही ‘काही नाही गं, बरी आहे’ म्हणते, तेव्हा काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. दुखते किती, ताप किती, हे रोज विचारायलाच हवे. मनातले सांगायचे की नाही, हे तिच्यावर सोडता येते.

बोलावे की न बोलावे, याविषयी स्वीडनमधली एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांपैकी १४७ जण मुलाशी मृत्यूविषयी बोलले होते; त्यांतल्या एकालाही पश्चात्ताप झाला नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना झाला होता. म्हणजे न बोललेल्यांपैकीही बहुसंख्यांना खंत नव्हती, आणि ‘बोलायलाच हवे’ असा नियम यातून काढणे चूक ठरेल. अधिक बोलका आकडा पुढचा आहे. मुलाला चाहूल लागली आहे असे ज्यांना जाणवले होते आणि तरीही जे बोलले नाहीत, त्यांच्यात खंत करणारे ४७ टक्के होते. ज्यांना तसे जाणवले नव्हते, त्यांच्यात १३ टक्के.

मूल विषय काढते तेव्हा आडून काढते: दिवा मालवल्यावर, परतीच्या गाडीत, बहुतेकदा आधी नर्सजवळ किंवा भावंडाजवळ. ‘मी बरा होईन ना?’ या प्रश्नाला ‘असं बोलू नये’ म्हटले की पुन्हा विचारणे होत नाही. ‘तुला काय वाटतं?’ असे विचारून थांबले, तर बरेचदा पुढचे वाक्य येते. अमेरिकेत २०१२ पासून अशा किशोरांसाठी ‘व्हॉइसिंग माय चॉइसेस’ ही पुस्तिका वापरात आहे. वेदना असताना जवळ कोण हवे, भेटायला कोणी यावे, आपल्या वस्तू कोणाला द्याव्यात, घरच्यांना काय सांगायचे आहे, हे तिच्यात मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते.