परिचारिकेचा पेशा आणि आपल्या मुली

(पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मुलींच्या शिक्षणाविषयी बोलावे, अशी मला सूचना आहे. 'मुलींना शिकवा' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता विरोध कोणी करत नाही, आणि त्यावर विचारही कोणी करत नाही. म्हणून मी एकाच पेशाविषयी बोलणार आहे. तो पेशा म्हणजे परिचारिकेचा, आपल्या भाषेत नर्सबाईचा.

बारावीच्या वर्गात 'पुढे काय करणार' असे विचारले की दोन-चार मुली हळूच 'नर्सिंग' म्हणतात. घरी मात्र बोलणी तिथेच थांबतात. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांना हात लावावा लागतो, लग्न जमायला अडचण येते, ही कारणे पुढे केली जातात. या शंका मनापासूनच्या आहेत, त्यांची चेष्टा मी करणार नाही. पण पालकांना माझा एक साधा प्रश्न आहे. आपली आई, पत्नी किंवा बहीण दवाखान्यात गेली की तिला बाईनेच तपासावे, बाईनेच इंजेक्शन द्यावे, बाळंतपणात बाईच जवळ असावी, असा आपला आग्रह असतो. तो रास्तही आहे. मग ती बाई कोणाच्या घरातून यायची? प्रत्येक बापाने 'माझी मुलगी नको' म्हटले, तर आपल्या आया-बहिणींच्या उशाशी उभे कोण राहणार?

ज्यांना हा पेशा आपल्या रीतीत बसत नाही असे वाटते, त्यांनी हजरत रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव आठवावे. मदिनेत जखमी आणि आजारी लोकांची शुश्रूषा करणाऱ्या या बाई होत्या. खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा त्यांना रुफैदांच्या तंबूत नेण्यास खुद्द पैगंबरसाहेबांनी सांगितले. आपल्या महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. शुश्रूषेचे काम हलके आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोन नावांपुढे आपले मत तपासून पाहावे.

अगदी आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांचे घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री त्या गरोदर स्त्रियांच्या कक्षात रात्रपाळीवर होत्या. दहशतवादी रुग्णालयात शिरले, गोळीबार सुरू झाला. कुलथे यांनी दारे बंद केली आणि वीस गरोदर स्त्रियांना आतल्या लहानशा भांडारखोलीत सुरक्षित नेले. त्यांतल्या एकीला त्याच धांदलीत कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या आधाराने त्यांनी प्रसूतिगृहापर्यंत पोहोचवले. पुढे साक्ष देण्यासाठी त्या न्यायालयात गेल्या त्या परिचारिकेच्या गणवेशात. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्यांनी दूरदृश्य माध्यमातून आपली हकीकत सांगितली. ज्या रात्रपाळीची आपल्याला भीती वाटते, त्याच रात्रपाळीवर ही बाई होती.

मित्रहो, नुसते गौरवाचे बोलून मी थांबलो तर ती तुमची फसवणूक होईल. या पेशात कष्ट आहेत आणि अन्यायही आहे. मुलीला पाठवायचे तर डोळे उघडे ठेवून पाठवले पाहिजे.

पहिली गोष्ट कामाच्या बोजाची. शिकवणीच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. सरकारी दवाखान्याच्या कक्षात कधी रात्री गेला असाल, तर तिथे एकट्या सिस्टरच्या वाट्याला किती खाटा असतात हे आपण स्वतः पाहिले असेल. दुसरी गोष्ट पगाराची. कायम नोकरीत वेतन चांगले आहे, पण कंत्राटी जागा वाढल्या आहेत, आणि लहान खाजगी दवाखान्यांत पगार फार तुटपुंजा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नास खाटांपेक्षा लहान खाजगी रुग्णालयातही दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर असते. ती पदरात पाडून घ्यायला शिकलेली आणि संघटित परिचारिका लागते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने अत्याचार केला. त्यानंतर त्या शुद्धीवर अशा कधी आल्याच नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. एवढी सुमारे बेचाळीस वर्षे त्यांची सेवा कोणी केली? त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पिढी ते काम हाती घेई. ही गोष्ट ऐकून मुलीला घरात बसवणे हा उपाय नाही. कपडे बदलायला सुरक्षित जागा, रात्री येण्याजाण्याची सोय आणि तक्रार ऐकणारी समिती मागणे हा उपाय आहे. जिथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तिथे अशी समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नोकरी धरताना पालकांनी पगाराबरोबर हेही विचारावे.

आमच्या ओळखीच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. सगळे त्यांना आपा म्हणतात, मीही तेवढेच म्हणेन. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी उपकेंद्रांवर काढला. बालाघाटाच्या या डोंगराळ भागात कधी एस. टी. ने, कधी पायी त्या वाड्या-वस्त्यांवर गेल्या. सुरुवातीच्या वर्षांत नसबंदीच्या केसेसचे उद्दिष्ट डोक्यावर असे. त्यामुळे नर्सबाई दिसली की बायका दार लावून घेत. १९९६ मध्ये उद्दिष्टाची ती पद्धत बंद झाली. आपा म्हणतात, "तेव्हा कुठे बाया माझ्याशी आपल्या मनातलं बोलायला लागल्या."

मी त्यांना विचारले, "आपा, एवढ्या वर्षांत स्वतःच्या प्रकृतीचं काय?" त्या हसल्या. म्हणाल्या, "गावाचा रक्तदाब मी मोजत होते, माझा कोण मोजणार? एकदा शिबिरात चक्कर आली, तेव्हा कळलं की मलाच ब्लडप्रेशर आहे. उपकेंद्राला संडास नव्हता, म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. लघवीला जळजळ झाली की दोन गोळ्या घ्यायच्या आणि निघायचं. पायाच्या शिरा फुगल्या त्या उभं राहून राहून. दुसऱ्याची सेवा करणारी बाई स्वतःला माणसात धरत नाही, हीच आमची मोठी चूक."

पण एका प्रसंगी आपांनी स्वतःला माणसात धरले, आणि तो प्रसंग आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे. चव्वेचाळीसाव्या वर्षी त्यांना पाळीत फार रक्त जाऊ लागले. एका खाजगी दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले, "गर्भपिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." शेजारची दुसरी कोणी बाई असती तर तिने त्याच आठवड्यात दागिने गहाण टाकले असते. आपांनी आधी विचारले, "कॅन्सर कोणत्या तपासणीत दिसला?" तपासणी झालेलीच नव्हती. त्यांनी दुसरीकडे जाऊन सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घेतली. लहानशी साधी गाठ निघाली, कॅन्सर नव्हता. रक्त कमी झाले होते, त्यासाठी लोहाच्या गोळ्या आणि रक्तस्राव कमी करणारे औषध मिळाले. पुढे पाच वर्षांनी पाळी आपोआप थांबली आणि त्रासही संपला. आपा मात्र आवर्जून सांगतात, "तपासणीत वाईट निघालं असतं, तर मी दुसऱ्याच दिवशी पिशवी काढली असती. ऑपरेशनला माझा विरोध नाही, न विचारता केलेल्या ऑपरेशनला आहे."

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा आणि आसपासच्या तालुक्यांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा एक कोयता. एक दिवस काम बुडाले की खाड्याचे पैसे कापले जातात. उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विश्रांती नाही. अशा बाईला अंगावरून जाऊ लागले की कोणीतरी सांगते, पिशवी काढ म्हणजे कटकट मिटेल. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक! त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला.

नियम झाले, चांगले झाले. पण पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली, तर तिशीतल्या बाईला म्हातारपणाची दुखणी लागतात. हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. पुन्हा कोयता तर उचलायचाच असतो. हे त्या बाईला आधी सांगणार कोण? नियम तिच्या झोपडीत येत नाही. तिच्या झोपडीत येते ती नर्स, नाहीतर आशाताई.

शिवाय ज्या कॅन्सरची भीती दाखवली जाते, त्यावर तपासणीचा मार्ग आहे, आणि तो आपल्याच भागात सिद्ध झाला आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलने मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एच. पी. व्ही. विषाणूची एकदाच केलेली तपासणी आणि त्यानंतरचे उपचार यांमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा असाच अभ्यास केला. त्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची सोपी तपासणी होती. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आणि ही तपासणी करणाऱ्या कोण होत्या? दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या स्त्रिया. दहावी शिकलेली मुलगी एवढे करू शकते, तर तीन-चार वर्षे शिकलेली परिचारिका आपल्या गावासाठी काय करणार नाही!

माता-भगिनींनो, आपांनी विचारले ते प्रश्न आपणही पाठ करून ठेवा. मला नेमका कोणता आजार आहे आणि तो कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने तो बरा होईल का? थांबले तर काय धोका आहे? ऑपरेशननंतर शरीरावर काय परिणाम होतील आणि अंडाशये राहतील का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मात्र पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर लाजेपोटी घरी बसू नका, लगेच तपासून घ्या.

विद्यार्थिनींनो, वाट अशी आहे. ए. एन. एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्याला कला शाखेच्या मुलीही जाऊ शकतात. जी. एन. एम. तीन वर्षांचा. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. म्हणून निर्णय दहावीनंतरच करावा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे पाहा. मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही, फी आणि वर्षे दोन्ही वाया जातात. नोकरीत रुजू होण्यापूर्वी कावीळ-ब ची लस पूर्ण घ्या. सुई टोचली तर लपवू नका, त्याच दिवशी कळवा, कारण एच. आय. व्ही. ला रोखणारे औषध बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावे लागते. आणि वर्षातून एकदा स्वतःचा रक्तदाब, साखर आणि रक्ताचे प्रमाण तपासा. आपांना हे सांगायला कोणी नव्हते, तुम्हाला आहे.

पालकांनो, मुलगी परिचारिका झाली म्हणजे घरात पगार येतो, हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की डॉक्टरसमोर बसून निर्भयपणे प्रश्न विचारणारे एक माणूस त्या घरात, त्या मोहल्ल्यात तयार होते. आपल्या जिल्ह्यातील हजारो स्त्रियांजवळ नेमके तेच माणूस नव्हते. येत्या जूनमध्ये आपली मुलगी 'नर्सिंग' हा शब्द उच्चारील, तेव्हा तिला लगेच गप्प करू नका. तिला जवळ बसवा, आमच्याकडे शाळेत घेऊन या, अर्ज भरण्यापासून संस्थेची मान्यता तपासण्यापर्यंत आम्ही शिक्षक आपल्या मदतीला आहोत.

 

— एक शिक्षक, बी. ए., बी. एड., पाटोदा